वॅगनआरमधून पाइप, ट्रॅक आणि प्लाय: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अनघा (सी-२०३): नमस्कार मंडळी. आमच्या दोन्ही बाथरूमचं काम काढलंय. प्लंबरची यादी अशी: पाऊण इंची सीपीव्हीसीचे (गरम-थंड पाण्याचे प्लास्टिक पाइप) ५ मीटरचे ६ पाइप, एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप) ४ इंची ३ मीटरचे ३. शिवाय खिडकीचा अॅल्युमिनियम ट्रॅक आणि १९ एमएम प्लायची ८ × ४ ची एक शीट. रविवारी मकरपुऱ्याच्या दुकानातून वॅगनआरमध्ये आणता येईल का? मागचं दार उघडं ठेवून दोरीने बांधलं तर?

श्रीकांतकाका (ए-१०१): अनघाताई, मागचं दार उघडं ठेवून मुळीच आणू नका. गाडी चालताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर दारातून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही. दार वर गेलं की नंबर प्लेटही आकाशाकडे जाते. आणि माल गाडीबाहेर निघाला की मोटार वाहन कायद्याचं कलम १९४(१अ) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात २०,००० रुपये दंड आहे, माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. लाल फडकं बांधलं की चालतं असं दुकानदार सांगतील, त्यावर जाऊ नका. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या बरोबर तोंडासमोर ते टोक असतं.

अनघा (सी-२०३): बरं झालं विचारलं काका. मग दार बंद करून किती लांबीचं बसेल?

मिलिंद (बी-३०४): ताई, अंदाज नको, टेप लावून बघा. डावीकडची पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ आडवी करा, हेडरेस्ट काढून ठेवा. मागची सीट पुढे पाडा. आता टेपचं एक टोक डावीकडच्या पायाच्या जागेत, डॅशबोर्डच्या खाली, आणि दुसरं मागच्या बंद दाराच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. या तिरक्या रेषेत सरळ मापापेक्षा थोडं जास्त मिळतं. आलेल्या मापातून ५ सेंटीमीटर वजा करा, कारण दार लागताना त्याची आतली फ्रेम पुढे येते. जे उरेल ते तुमचं माप. त्याहून लांब काहीही घेऊ नका.

रेषेत गिअर, हँडब्रेक आणि चालकाचं कोपर येत नाही ना, डावा आरसा दिसतो ना, तेही तेव्हाच बघून घ्या. पाइपचं टोक डॅशबोर्डवर टेकवायचं नाही. डावी एअरबॅग तिथूनच उघडते. काचेलाही लागू देऊ नका, एका बंपवर काच तडकते. खाली पायाशी जुनी गोधडी चार घड्या करून ठेवा, टोक त्यात रुतवा.

वैशालीवहिनी (बी-१०२): अनघा, मुळात ५ मीटरचे पाइप अख्खे आणायची गरज आहे का ते बघ. बाथरूममध्ये सरळ तुकडा क्वचितच ७-८ फुटांच्या वर जातो, मध्ये कुठेतरी एल्बो (वळणाचा जोड) किंवा टी (तीन तोंडांचा जोड) येतेच. प्लंबरला भिंतीवर खडूने लाइन मारायला सांग, मग तुकड्यांची यादी कर. दोन फिटिंगमधलं अंतर, अधिक दोन्ही बाजूंना सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या तोंडात, जाणारी खोली. पाऊण इंचीला ही खोली साधारण १८ ते २० एमएम एका बाजूला. दुकानात तेवढेच तुकडे कापून घ्यायचे.

नियम एकच: पाइप तिथेच कापायचा जिथे फिटिंग येणारच आहे. गाडीत बसावा म्हणून मध्येच कापून भिंतीत कपलर (दोन तुकडे सरळ जोडणारा जोड) टाकला तर टाइलच्या आड एक जादा जोड राहतो. पुढे गळला तर टाइल फोडूनच शोधावा लागतो. लांब तुकडा एखादाच निघाला तर तेवढ्यासाठी ३ मीटरचा पाइप घे आणि तो बाकी सामानाबरोबर टेम्पोने मागव.

कापताना चाकाचा किंवा कात्रीचा कटर, काप काटकोनात. आणि सीपीव्हीसी आपटायचा नाही, रस्त्यावरून ओढायचा नाही. टोकाला केसासारखी चीर पडते, ती गरम पाणी सुरू झाल्यावर लांबत जाते. प्रत्येक टोक उजेडात फिरवून बघ. चीर दिसलीच तर जिथे संपते तिथून पुढे आणखी २ इंच सोडून काप.

अनघा (सी-२०३): वहिनी, हे फारच उपयोगी. एसडब्ल्यूआर ३ मीटरचे आहेत, ते टपावर?

मिलिंद (बी-३०४): वॅगनआर ३.६५ मीटर लांब आहे. म्हणजे ३ मीटरचा पाइप टपावर नीट मध्ये ठेवला तर पुढे-मागे गाडीबाहेर जात नाही. ५ मीटरचे जातात, म्हणून ते नाहीतच. पण कॅरियरचे आडवे बार असतील तरच, आणि गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा बघून. नुसत्या पत्र्यावर गोधडी टाकून बांधू नका, पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो.

खरी अडचण घसरण्याची. पीव्हीसीवर पीव्हीसी साबणासारखं सरकतं. बाहेरून कितीही आवळा, मधला पाइप ब्रेक लागल्यावर बाणासारखा पुढे निघतो. म्हणून आधी तिन्ही एकत्र तीन जागी रुंद टेपने गुंडाळा, सॉकेटची तोंडं आलटून पालटून. मग प्रत्येक बारवर दोरीचा एक पूर्ण वेढा जुडग्याभोवती घेऊन मगच बारला बांधा. पुढच्या टोकाला एक फास घालून तो खाली टो-हुकला (गाडी ओढायच्या हुकला), मागेही तसंच. नुसती वरून टाकलेली दोरी दाबून धरते, सरकणं थांबवत नाही.

नायलॉनची दोरी ताणली जाते. एक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावी लागते. रॅचेट बेल्ट असला तर उत्तम, पण पाइप चेपेल इतका आवळू नका. एसडब्ल्यूआरचं तोंड अंडाकृती झालं की रबर रिंग एका बाजूने सैल राहते आणि तिथूनच वास येतो. वेग ४० च्या आत. ६० ला वाऱ्याचा उचलण्याचा जोर ४० च्या सव्वादोन पट होतो.

श्रीकांतकाका (ए-१०१): प्लायचं सांगतो. १९ एमएमची ८ × ४ शीट ३५ ते ४० किलो भरते, आणि ४ फूट रुंदी मागच्या दारातून जात नाही. दुकानात मशीनवर कापून घ्या, पण सुताराच्या अंतिम मापांनी. ब्लेड साधारण ३ एमएम खातं, शीटच्या १२२० एमएम रुंदीचे दोन भाग केले तर ६१० येत नाहीत, ६०८ च्या आसपास येतात. लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेला हव्यात ते आधी सांगा. तुकडे आडवे, पुढच्या सीटच्या पाठीला खालून टेकवून ठेवा. २० किलोचा गठ्ठा जोराच्या ब्रेकला १४-१५ किलोच्या जोराने पुढे येतो. मोकळा राहिला तर चालकाच्या खांद्यावर.

अॅल्युमिनियमचा खालचा ट्रॅक मात्र मध्ये कापू नका, जोडावर रोलर अडतो. ६ फुटी खिडकीचा ट्रॅक १.८३ मीटरचा, तो आत सहज बसेल. वरची प्लास्टिकची फिल्म बसवेपर्यंत काढू नका.

हेमंत (सी-४०१): याच धाग्यात विचारतो. बाल्कनीच्या लिंटेलसाठी (दारावरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीसाठी) १२ एमएमचे चार लोखंडी गज हवेत. दुमडून गाडीत येतील?

श्रीकांतकाका (ए-१०१): नाही हेमंत. वजनाचं म्हणशील तर व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो. १२ मीटरचा गज साडेदहा किलोच्या वर जातो. पण प्रश्न वजनाचा नाही. टीएमटी, म्हणजे हाच बांधकामाचा गज, एकदा वाकवून परत सरळ केला की वाकलेल्या जागी बारीक तडे जातात, आणि लिंटेलमध्ये नेमकी तीच जागा ताणात येऊ शकते. लिंटेलची लांबी अधिक दोन्ही बाजूंचं बेअरिंग (भिंतीवर टेकणारा भाग) धरून दुकानातूनच कापून घे, गजांभोवतीच्या रिंगाही तिथेच वळवून घे. ते तुकडे टेम्पोने.

हेमंत (सी-४०१): छोटा हाथी टेम्पो सांगू का काका?

मिलिंद (बी-३०४): हेमंतभाऊ, त्याची मागची बॉडी जेमतेम ७ फुटांची. ३ मीटरचा पाइप तोही बाहेरच काढणार. केबिनच्या वरपर्यंत लोखंडी फ्रेम असलेला मोठा टेम्पो मागा, आणि फोनवरच सगळ्यात लांब तुकड्याचं माप सांगा. वैशालीवहिनींनी सांगितलेला अनघाताईंचा ३ मीटरचा पाइपही त्यातच येईल, भाडं दोघांत वाटून घ्या.

अनघा (सी-२०३): चालेल, हेमंतभाऊ तुम्हाला फोन करते. सीपीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनचा डबा गाडीत ठेवला तर चालेल ना?

वैशालीवहिनी (बी-१०२): झाकण घट्ट, डबा उभा, काचा थोड्या खाली. ते पेट घेणारं आहे, बंद गाडीत उन्हात विसरू नकोस. जाड होऊन जेलीसारखं झालं तर थिनर घालून वापरू नकोस, डबा टाकून दे.