नाथसागरातल्या जुन्या बोटीची पेट्रोल टाकी गळायली, मदत हवी आहे
मंडळी, पैठणला आमची जुनी फायबरची मोटरबोट आहे. फरशीखालची ॲल्युमिनियमची टाकी गळायली. तळात पेट्रोलचा वास भरला, एक ठिणगी पडली असती तर संपलंच होतं! बोट काठावर ओढून हातपंपानं पेट्रोल उपसलं. टाकीभोवती फोम भरलेला आहे. त्यात पाणी मुरून खालून पत्रा खाल्ला असणार.

एम-सील लाव म्हणणारे पुष्कळ भेटले, पण तो जुगाड मला नको. फरशी कापून टाकी बदलायचीच. ५०८३ ॲल्युमिनियमची (बोटींना वापरतात तो मिश्रधातू) बनवू का प्लास्टिकची बसवू? प्लास्टिकची पेट्रोलनं थोडी फुगते म्हणे, मग भोवती जागा किती सोडायची? आणि वाळूजकडं ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करून टाकी हवेच्या दाबानं तपासून देणारा कुणी आहे का?