कोकणातल्या घरी एकट्या राहणाऱ्या आईला ठाण्याला आणावे का?

प्रश्न : पाखाडीवरचे घर

माझी आई ७८ वर्षांची आहे आणि वडील गेल्यापासून संगमेश्वर तालुक्यातल्या, पाखाडीवरच्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या चढवाटेवरच्या आमच्या मूळ घरी एकटीच राहते. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, गुडघे दुखतात, आणि अलीकडे सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही. आम्ही भावंडे ठाण्याला आणि कोल्हापूरला असतो. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात की आता सोबतीला कोणीतरी हवे, आणि आई म्हणते की मी इथून हलले की घराला कुलूप लागेल.

तिचे म्हणणे मला नुसता हट्ट वाटत नाही. शेजारच्या चुलत काकू रोज सकाळी आमच्या न्हाणीच्या कौलांतून धूर निघालेला पाहतात, आणि तो वेळेवर दिसला नाही तर त्या हाक मारत खळ्यात येतात. ठाण्याला आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन आहे, परंतु आम्ही दोघेही नोकरीला जात असल्यामुळे दिवसभर ती बंद दाराआड एकटीच राहील. मग तिला नेमके सुरक्षित कोठे म्हणायचे, आणि निर्णय घेताना काय पाहायचे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त आरोग्यसेविका, लांजा

रत्नागिरी जिल्ह्यात गृहभेटींच्या निमित्ताने मी अनेक वाड्या पायाखाली घातल्या आहेत, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहिते. तुमच्या काकू धूर पाहतात ही फार मोलाची गोष्ट आहे आणि कोणतेही यंत्र तिची जागा घेणार नाही. पण त्या काकूंचे वय काय, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे का? आपल्याकडे वाडी म्हाताऱ्या माणसांना सांभाळते हे खरे असले तरी आता वाडीच म्हातारी होत चालली आहे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, आणि त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ते पुरुष मुंबईकडे गेले आणि घरे बायकांनी व वृद्धांनी राखली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. रात्री कोणाला अर्धांगाचा झटका आला आणि गाडी पाखाडीच्या तळाशीच थांबणार असेल, तर डोलीला खांदा द्यायला चार धडधाकट माणसे लागतात; ती मिळतात का, एवढ्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चाकरमानी मंडळी गाव पाहतात ते गणपतीत आणि शिमग्यात, जेव्हा प्रत्येक घर उघडे असते, आणि त्यावरून आईभोवती खूप माणसे आहेत असा त्यांचा समज होतो. तुम्ही जुलैत, मुसळधार पावसात, आठवडाभर जाऊन राहा. रात्री किती घरांत दिवा लागतो, हाकेच्या अंतरावर साठीच्या आतले कोण आहे, वीज गेल्यावर भ्रमणध्वनीची रेंज राहते का, हे त्याच दिवसांत कळते. भावकीत जमिनीवरून तंटा असेल तर तोही हिशेबात धरा, कारण मी अशाही बायका पाहिल्या आहेत की ज्यांच्या दारात वाटणीच्या वादामुळे शेजारचे माणूस वर्षानुवर्षे आलेले नव्हते. गावपण सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही.

गोळ्यांविषयी एक सांगते. पुष्कळ वृद्ध गोळी नावाने ओळखत नाहीत, रंगाने आणि आकाराने ओळखतात. दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले की लाल गोळीच्या जागी पांढरी येते, आणि मग जुनी व नवी अशा दोन्ही घेतल्या जातात. आठवड्याच्या कप्प्यांची डबी भरून देण्याचे काम गावातल्याच कोणाकडे तरी नेमून सोपवा.

उत्तर : डोंबिवलीची सून

मी दुसरी बाजू मांडते. माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश पुरता दिसू लागल्यावर गावाहून आणावे लागले, आणि त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. गावच्या घरात ते अंधारातही पडवीतून परसात जात, कारण ते घर त्यांच्या पायांना पाठ होते. इथे आल्यावर ते रात्री उठून त्याच दिशेला चालू लागत आणि कपाटाच्या दारावर जाऊन आदळत. नव्या घराची वाट, नवे शेजारी, नवा दिनक्रम हे सगळे डोक्यात बसायला जी स्मरणशक्ती लागते, तीच त्यांच्याकडे उरली नव्हती. म्हणून माझे मत असे आहे की आणायचेच असेल तर आई स्वतः खाली उतरून वाण्याकडे जाऊन येऊ शकते तोवर आणावे. पूर्ण परावलंबी झाल्यावर केलेले स्थलांतर फार जड जाते.

दुसरे म्हणजे तिला केवळ आपल्या घरात आणून भागत नाही, तिला माणसांत आणावे लागते. ठाणे-डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, दुपारची भजनी मंडळे आहेत. पण तिथे पहिले काही आठवडे आपण स्वतः सोबत जाऊन ओळखी करून द्याव्या लागतात, कारण आयुष्यभर सगळे गाव नावाने ओळखणाऱ्या बाईला अनोळखी घोळक्यात शिरायचा संकोच वाटतो. गावी ती घराची मालकीण आहे. तुमच्याकडे ती पाहुणी होऊन बसू नये म्हणून देवपूजा, भाजी निवडून आणणे, दूधवाल्याचा हिशेब असे एखादे काम पूर्णपणे तिच्या हाती द्या आणि त्यात लुडबुड करू नका.

उत्तर : प्रांत कार्यालयात वावर असलेला एक वकील

स्थलांतराच्या घाईत आईकडून घराचे बक्षीसपत्र करून घेण्याची चाल पुष्कळ कुटुंबांत दिसते. माझा आग्रह आहे की ते आत्ता करू नका, आणि करणारच असाल तर सांभाळाची अट त्या दस्तातच स्पष्ट लिहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ अशा अटीवर झालेले हस्तांतरण, सांभाळ न झाल्यास, रद्द करून मागण्याचा अधिकार देते आणि दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या स्तरावरील न्यायाधिकरणाकडे मागता येते. घर आणि सातबारा आपल्या नावावर आहे ही खात्री असलेली बाई गाव सोडायला आणि पुन्हा परतायलाही कमी घाबरते.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वाडीत आमच्या घराच्या आसपास साठीच्या आतली माणसे फक्त दोन घरांत आहेत, हे मोजल्यावर मलाच धक्का बसला. मधला काही मार्ग आहे का? आयुष्मान कार्ड काढले आहे आणि एसटीचा प्रवासही तिला मोफत आहे, तरी रोजचा प्रश्न त्याने सुटत नाही.

उत्तर : निवृत्त आरोग्यसेविका, लांजा

सुटणार नाही, कारण ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना मिळालेले पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, आणि पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास थांब्यापर्यंत उतरता आले तरच. मधली उणीव रोजच्या मदतीची आहे, आणि ती भरून काढणारे माणूस जवळचेच असावे लागते.

केरळमधूनही माणसे मोठ्या संख्येने बाहेर गेली, पण तिथे कोळिकोड-मलप्पुरम भागात शेजारच्या स्वयंसेवकांनी आठवड्यातले काही तास अंथरुणाला खिळलेल्यांसाठी द्यायचे, परिचारिकेने घरी यायचे आणि खर्च लोकांच्या लहान लहान वर्गणीतून भागवायचा, अशी पद्धत रुजली. २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणही केले. आपल्याकडे प्रत्येक वाडीचे मुंबईकर मंडळ देवळाच्या सभामंडपासाठी लाखोंची वर्गणी गोळा करते. त्याच मंडळासमोर हा विषय मांडा. तुम्ही म्हणता त्या दोन घरांतल्या एखाद्या सुनेला, वाडीतल्या सगळ्या एकट्या वृद्धांकडे सकाळ-संध्याकाळ फेरी मारणे, गोळ्यांची डबी भरणे आणि तालुक्याला सोबत जाणे या कामासाठी नियमित वेतन द्या. शेजारधर्म म्हणून हे तिच्याकडून फुकट करून घेऊ नका. तिलाही घर चालवायचे आहे, आणि वेतन नसेल तर तीही उद्या मुंबईची गाडी धरेल.

तोवर पावसाळ्याचे चार महिने आईला ठाण्याला न्यायचे आणि दसऱ्याआधी परत आणायचे, हे करून पाहता येईल. मात्र विसरणे वाढलेले दिसले, तर ही ये-जा थांबवून एकच ठिकाण पक्के करा, आणि त्याआधी तिची स्मृतीची तपासणी नक्की करून घ्या, कारण काही वेळा थायरॉईड किंवा बी-१२ च्या कमतरतेमुळेही असे होते आणि त्यावर उपचार असतात.