‘द रिटर्न ऑफ द मस्केटियर्स’ थेट पाहिला तर चालेल?

प्रश्न: रिचर्ड लेस्टरचा १९८९चा सिनेमा आधीचे दोन न पाहता कळेल का? तो ज्यावर बेतलाय ती ड्यूमाची ‘ट्वेंटी इयर्स आफ्टर’ ही कादंबरी आधी वाचावी का?

खड्गधारी: १९७३ आणि १९७४चे भाग आधी पाहाच, त्याच क्रमाने. दोन्हींचं चित्रीकरण एकत्रच झालं होतं, त्यामुळे पहिला मध्येच तुटल्यासारखा वाटतो. मिलेडी या खलनायिकेचा शेवट दुसऱ्यात आहे आणि तिसऱ्यातलं सगळं सूडनाट्य त्यावरच उभं आहे. कादंबरी नंतर वाचली तरी चालेल. तिच्यात सूड घ्यायला मिलेडीचा मुलगा येतो, इथे मुलगी.

जुनापुराणा: थोडा इतिहास मात्र हवा, नाहीतर घोळ होतो. काळ १६४८-४९चा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई जेमतेम दहा वर्षांचा, कारभार राणी अ‍ॅन आणि कार्डिनल माझारँच्या हाती, आणि त्यांच्याविरुद्ध ‘फ्रोंद’चं बंड. चार मस्केटियर्सपैकी (म्हणजे राजाच्या रक्षक दलातले जुने शिपाई) दार्तान्यां आणि पोर्थोस माझारँकडे, अ‍ॅथोस आणि अ‍ॅरामिस बंडखोरांकडे. चौघे एकत्र येतात खरे, पण आधी एकमेकांसमोर उभे ठाकून. खरी गंमत तीच; वय झालेल्या या चौघांच्या गुडघेदुखीचे विनोद त्यापुढे फिके.

खड्गधारी: +१. मात्र दार्तान्यांचा नोकर प्लांशे याची दृश्यं तुटक वाटली तर दोष पटकथेला देऊ नका. ती भूमिका करणारे रॉय किनियर १९८८मध्ये चित्रीकरणादरम्यान घोड्यावरून पडून वारले; उरलेलं काम बदली नटाला पाठमोरं दाखवून भागवलंय. हे माहीत असलं की हसू जरा अडतंच.