खिडकीच्या वर ड्रिल आत जातच नाही, बॅटरी तापते. काय चुकतंय?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार. मागच्या महिन्यात आम्ही मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलची खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही, म्हणून पडद्याचे रॉड लवकर लावायचे आहेत. सुतार आठ दिवसांपासून "उद्या येतो" म्हणून राहिला आहे. शेवटी इतवारीत जाऊन मीच १८ व्होल्टचं हॅमरवालं बॅटरी ड्रिल घेऊन आले.

खिडकीच्या वर चार बोटं सोडून खूण केली, ६ एमएमचं बिट लावलं. प्लास्टर सर्रकन गेलं आणि अर्ध्या इंचावर सगळं अडलं. बिट फिरतं, पुढे सरकत नाही. अंगाचा भार दिला तर बॅटरी तापली आणि बिटाचं टोक निळं पडलं. शिवाय सागवानी फळीला स्क्रू मारताना दोन स्क्रूंची डोकी झिजली, आता ते ना आत जात ना बाहेर येत. आई म्हणते, हात मोडून घेशील. पण मला हे शिकायचंच आहे.

उत्तर १
हॅमरच्या चिन्हावर रिंग आहे का ते बघा. असेल तर बॅटरी फुल चार्ज करा आणि दाबून धरा, जाईल.

उत्तर २ (त्रिमूर्तीनगर, २० वर्षं फिटिंगचं काम)
ताई, दाबू नका. वरच्या भाऊंनी रिंगचं बरोबर सांगितलं, पण इथे अडचण मशीनची नाही, भिंतीची आहे. खिडकीच्या वर वीट नसते, काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई असते. प्लास्टर संपलं की थेट तीच लागते. बिट गरम होऊन निळं पडलं म्हणजे त्याची धार गेली, ते आता बाजूला ठेवा.

भोकातून पडणारी भुकटी चिमटीत घेऊन बघत जा. लाल असेल तर वीट. करडी आणि बिट भराभर आत जात असेल तर राखेची वीट, आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे ती पुष्कळ वापरतात. करडीच आहे, पिठासारखी बारीक आहे आणि बिट सरकत नाही, तर काँक्रीट. मी आजही प्रत्येक नव्या घरात पहिलं भोक पाडलं की आधी बोटांवरची भुकटी बघतो, मग पुढची खूण करतो.

लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण ६ इंच भिंतीत शिरलेला असतो. म्हणून ब्रॅकेट कडेपासून ८-९ इंच बाहेर घेऊन बघा. रॉड लांब लागेल, पण पडदा पूर्ण बाजूला सरकतो, खिडकी मोकळी राहते. तिथेही काँक्रीटच लागलं तर रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीट फोडणारं जोरदार ठोक्याचं ड्रिल लागेल. एखाद्या इलेक्ट्रिशियनकडे बहुतेक असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरचे पाइप तसेच गेलेले असतात. आणि भोक पाडताना मेन बंदच ठेवा. तुमचं मशीन बॅटरीवर चालतं, त्याला घरातली लाइट लागत नाही. एकदा एसीच्या पॉइंटजवळ मी घाई केली आणि बिट चालू वायरला लागलं. वाचलो, पण त्या दिवसापासून मेन बंद केल्याशिवाय मशीन उचलत नाही.

हातमोजे घालू नका, फिरतं बिट कापडासकट बोटं ओढतं. ओढणी काढून ठेवा, केस बांधा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क पाहिजेच. प्लास्टिकच्या स्टुलावर चढू नका, शिडी घ्या. मशीनसोबत आडवी मूठ आली असेल तर ती लावा. बिट काँक्रीटमधल्या लोखंडी सळईत अडकलं की मशीन मनगटाला जोरात पीळ देतं. सळई लागली की थांबा, भोक इंच-दोन इंच सरकवा.

स्क्रूसाठी वरचं बटण १ वर आणा, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त. पुढची आकड्यांची रिंग ५ पासून सुरू करा, लागेल तसं वाढवा. आकडा बरोबर असला की स्क्रू बसताच कट-कट आवाज येतो आणि मशीन स्वतःच सोडतं. सागाला आधी बारीक भोक पाडा, ४ एमएमच्या स्क्रूला ३ एमएमचं. स्क्रूला थोडा साबण चोळा. झिजलेल्या डोक्यावर रबरबँडचा तुकडा ठेवून, मशीन उलट्या दिशेला लावून अगदी हळू फिरवा. डोकं वर असेल तर सरळ पकडीने धरा.

उत्तर ३ (धरमपेठ)
काकांच्या सांगण्यात बॅटरीची भर घालते. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको. बाहेर ४५ डिग्री असतं तेव्हा डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त. माझी एक बॅटरी अशीच गेली, एका उन्हाळ्यात निम्म्यावर आली.

प्रश्नकर्ती
काका, ताई, मनापासून आभार. आज सकाळी सहाला मेन बंद करून बसले. नवीन बिट, ९ इंच बाहेर. डाव्या बाजूला लाल भुकटी पडली! बिटाला टेप गुंडाळून खोली मोजली होती, मधूनमधून बाहेर ओढून भुकटी काढली, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) घट्ट बसली. उजवीकडे मात्र परत तेच, अर्ध्या इंचावर अडलं. कोपऱ्यात काँक्रीटचा कॉलम आहे बहुतेक. दाबलं नाही, थांबले. इलेक्ट्रिशियनला संध्याकाळी रोटरी हॅमर घेऊन बोलावलं आहे. फळीतला एक स्क्रू रबरबँडने निघाला, दुसऱ्याला पकड लागली.

उत्तर २
बरोबर केलं ताई. इलेक्ट्रिशियनचं मशीन घरातल्या लाइटवर चालत असेल, तर भोक मारताना मेन बंद ठेवता येणार नाही. म्हणून उजवीकडे बोर्ड किंवा एसी पॉइंट त्या रेषेत नाही ना, हे त्याला आधी दाखवा.