डिजिटल कर्जाचा करार तपासायला जाणकार वकील हवेत

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सीबीएसजवळ वकिली करतो, बहुतेक कामं जमिनीची आणि चेक बाऊन्सची. आता पिंपळगावच्या दोन पोरांनी द्राक्ष बागायतदारांना कर्ज मिळवून देणारं अ‍ॅप काढलंय. पैसे देणार एक एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी. तिने करारात कर्ज बुडालं तर भरपाई म्हणून या पोरांकडून वाटलेल्या कर्जाच्या १० टक्के हमी मागितलीय. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या डिजिटल लेंडिंग निर्देशांत कमाल मर्यादा ५ टक्केच आहे. वर हप्ते आधी अ‍ॅपच्या खात्यात, मग एनबीएफसीकडे! तेही बसत नाही, हप्ता कर्जदाराकडून थेट तिच्याच खात्यात जायला हवा. मी बोट ठेवलं तर समोरचे वकील म्हणतात, ‘सगळे असंच करतात.’ असे करार कुणी हाताळलेत का? नाशिकचं कुणी असेल तर उत्तम. फी रीतसर, चहा वेगळा.