फॉलोअर्स किती, यापेक्षा कुठले

मिसळीच्या नव्या दुकानासाठी एक लाख फॉलोअर्स असलेल्या इन्फ्लुएन्सरला पैसे द्यावेत का, असे वर एका सदस्यांनी विचारले आहे. माझ्या मते आधी त्यांच्या इन्स्टाग्रामच्या इनसाइट्स, म्हणजे खात्याची आकडेवारी, पाहाव्यात, आणि त्याही स्क्रीनशॉटवर न भागवता समोर बसून त्यांच्याच फोनवर. कारण प्रेक्षक कोणत्या शहरांतले आणि वयोगटांतले आहेत हे तेथे दिसते, आणि गंगापूर रोडवर मिसळ खायला येणारी माणसे बहुतेक नाशिक, ओझर, सिन्नर इथलीच असणार.

आम्ही बेदाण्यांच्या जाहिरातीसाठी हे न पाहताच पैसे मोजले होते. नंतर प्रतिक्रिया वाचल्या, तर प्रत्येक व्हिडिओखाली त्याच पंधरा-वीस खात्यांनी टाकलेली बदामाची (हृदयाची) चिन्हे आणि 'सुपर'. किलोला भाव काय, घरपोच मिळेल का, असे एकानेही विचारले नव्हते.

केवळ लाइक्सच्या प्रमाणावर विसंबू नये, कारण लाइक्सही विकत मिळतात. फॉलोअर्स विकणाऱ्या डेवुमी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये कारवाई केली, तेव्हा तिच्या ग्राहकांत अभिनेते आणि खेळाडूही निघाले. एका रात्रीत हजारोंनी झालेली वाढ मात्र लगेच खोटी ठरवू नये. त्या दिवशीची एखादी रील खरोखर गाजली होती का, ते शोधावे. शक्य असल्यास पहिल्या व्हिडिओला वेगळा सवलत कोड द्यावा आणि तो सांगणारी गिऱ्हाइके गल्ल्यावर मोजावीत.