मदत हवी आहे : जँगोमधील दूध संकलन प्रणालीचे स्तर कसे पाडावेत?

नमस्कार. आमच्या भागातील एका सहकारी दूध संस्थेसाठी जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालणारे एक वेब अ‍ॅप्लिकेशन आम्ही तिघे सांभाळतो. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची नोंद घेणे, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅटखेरीजचे घन पदार्थ) यांवरून लिटरचा दर काढणे आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल करताना पशुखाद्याची उचल वजा करणे, हे त्याचे मुख्य काम. ज्यांचा घरखर्च या बिलावर चालतो त्यांच्या हिशेबात एका पैशाचीही चूक राहू नये, म्हणून ही रचना नीट लावण्याची मला मनापासून इच्छा आहे.

सध्या दर काढण्याचा नियम तीन ठिकाणी लिहिलेला आहे : संकलन केंद्रावरील स्क्रीनच्या व्ह्यूमध्ये (विनंती घेऊन उत्तर देणारा कोड), मोबाइलसाठीच्या एपीआयच्या सीरियलायझरमध्ये (पाठवायची माहिती ठरावीक रूपात मांडणारा कोड) आणि रात्री बिले काढणाऱ्या मॅनेजमेंट कमांडमध्ये (कमांड लाइनवरून चालणारा कोड). गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा कपात लागते. दहा दिवसांच्या मध्येच नवे दरपत्रक लागू झाले, तर दूध ज्या दिवशी घातले त्या दिवशीचा दर धरावा लागतो. ही तारखेची अट व्ह्यूमध्ये आणि कमांडमध्ये आहे, सीरियलायझरमध्ये नाही; त्यामुळे शेतकऱ्याला मोबाइलवर एक रक्कम दिसते आणि बिलावर दुसरी येते.

नियम एकाच जागी आणायचा हे ठरले आहे, पण ती जागा कोणती? मॉडेलच्या (टेबलाचे कोडमधील रूप) सेव्ह मेथडमध्ये तो ठेवता येणार नाही, कारण इंटरनेट नसताना केंद्रावर साठलेल्या नोंदी नंतर एकदम येतात, त्या आम्ही बल्क क्रिएटने (अनेक नोंदी एकदम घालण्याची सोय) भरतो आणि त्या मार्गाने ना सेव्ह मेथड चालते, ना सेव्हचे सिग्नल (सेव्हच्या आधी-नंतरच्या सूचना) जातात. म्हणून व्ह्यू आणि मॉडेल यांच्यामध्ये व्यवहाराचे नियम सांभाळणारा एक सर्व्हिस स्तर आणावा, व्ह्यूने फक्त विनंती वाचून, परवानगी तपासून उत्तर द्यावे, असे माझे मत झाले आहे. माझ्या एका सहकाऱ्याचा आग्रह याहून पुढचा आहे : सर्व्हिसच्या खाली रिपॉझिटरीचा (डेटाबेसशी होणारी देवाणघेवाण एकट्याने सांभाळणारा) आणखी एक स्तर असावा आणि सर्व्हिसला जँगोच्या ओआरएमचा (टेबलांशी पायथनमधून बोलण्याची सोय) पत्ताही लागू नये. जँगोचे क्वेरीसेटच (डेटाबेसमधून नोंदी मागण्याची पद्धत) इतके सोयीचे असताना प्रत्येक टेबलासाठी पुन्हा तेच लिहिणे मला पटत नाही. मात्र त्याच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे, तो म्हणजे आज साधा दर तपासायलाही टेस्टमध्ये डेटाबेस उभा करावा लागतो.

दुसरी शंका ट्रॅन्झॅक्शनची, म्हणजे डेटाबेसमधील अनेक बदल एकत्रच होण्याची. बिल तयार होणे, उचलीची बाकी कमी होणे आणि खतावणीत नोंद पडणे या तिन्ही गोष्टी एकत्रच झाल्या पाहिजेत, आणि त्यानंतरच उत्पादकाला एसएमएस गेला पाहिजे. ही सीमा कोणत्या स्तराने आखावी? ज्यांनी अशी विभागणी चालू प्रणालीत केली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली दिशा योग्य आहे, पण सर्व्हिसच्या आत आणखी एक भेद करावा, असे मी सुचवेन. दर काढणे हे निव्वळ गणित आहे. दरपत्रक, फॅट, एसएनएफ आणि लिटर हाती दिले की रक्कम परत देणारे एक साधे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यात फ्लोटऐवजी (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) वापरा आणि त्या फाइलमध्ये जँगोचे काहीही इम्पोर्ट करू नका. सहकाऱ्यांना हवी असलेली डेटाबेसविना टेस्ट एवढ्यानेच मिळते; सगळ्या प्रणालीवर रिपॉझिटरी पसरवण्याची गरज उरत नाही. ‘या तारखेला लागू असलेले दरपत्रक’ यासारखी क्वेरी क्वेरीसेटवरच नाव देऊन ठेवावी, म्हणजे तारखेची अटही एकदाच लिहिली जाईल.

ट्रॅन्झॅक्शनची सीमा सर्व्हिसनेच आखावी, कारण कोणत्या गोष्टी एकत्र व्हायच्या हे व्यवहाराचे ज्ञान आहे आणि मॅनेजमेंट कमांडला तर व्ह्यू नसतोच. अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालणारा कोड) उचलीची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने (काम होईपर्यंत ओळीला कुलूप लावणारी क्वेरी) धरा, नाहीतर एकाच वेळी दोघांनी बिल काढले तर कपात दुबार होईल. एसएमएस ऑन कमिटमध्ये (ट्रॅन्झॅक्शन पक्के झाल्यावरच चालणारा कॉलबॅक) टाका. जँगोच्या नेहमीच्या टेस्टकेसमध्ये ट्रॅन्झॅक्शन कधी कमिट होत नसल्याने ते कॉलबॅक आपोआप चालत नाहीत, त्यासाठी ३.२ आवृत्तीपासून ते टिपून घेण्याची सोय आहे. स्तरांची शिस्त केवळ सांगण्यावर सोडू नका. इम्पोर्ट-लिंटरमध्ये (इम्पोर्टचे नियम तपासणारे साधन) स्तरांचा क्रम लिहून ठेवला, तर खालच्या स्तराने वरच्याला इम्पोर्ट करताच तपासणी अडते.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. दराचे फंक्शन वेगळे काढण्यापासून सुरुवात करतो आणि सीरियलायझर सर्वांत आधी त्याच्याकडे वळवतो. एक शंका उरते : रक्कम नोंदीच्या वेळीच काढून साठवावी आणि बिलाने फक्त बेरीज करावी, की बिलाच्या वेळी पुन्हा काढावी? फॅटची नोंद नंतर दुरुस्त होण्याचे प्रसंग आमच्याकडे येतात.

प्रतिसाद :

नोंदीच्या वेळीच साठवा आणि सोबत कोणते दरपत्रक लावले तेही जपा. दुरुस्ती ही स्वतंत्र सर्व्हिस असू द्या. ती त्याच फंक्शनने रक्कम पुन्हा काढेल, जुना आकडा इतिहासात ठेवेल आणि बिल निघालेले असल्यास फरक पुढच्या बिलात घेईल.